शिवेवरची मिठी

गावाची हद्द जेथे संपते त्या जागेला मराठीत शीव म्हणतात. आणि मुंबई बेटाची उत्तरेकडील हद्द जेथे संपत असे त्या गावाला, इंग्रजांनी आपल्या जिभेच्या सोयीसाठी त्याचे सायन केले तरी, मराठी माणूस आजतागायत शीवच म्हणत आला आहे. या शिवेच्या पलीकडे साष्टीचे थोरले बेट, अलीकडे मुंबईचे धाकटे, आणि दोहोंच्या मधून, दिवसातून दोनदा समुद्राच्या पाण्याने भरून येणारी व दोनदा काळा चिखल उघडा टाकून ओसरणारी दलदलीची एक पट्टी, असा येथील भूगोल सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वीपर्यंत होता. साष्टीच्या डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी गोळा करून या पट्टीत आणून सोडणारा जो एक किरकोळ ओढा, त्याचे नाव मिठी. विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या मुखापर्यंत तिची सारी लांबी भरते सुमारे १८ किलोमीटर. म्हणजे सकाळी उगमापाशी न्याहारी करून निघालेला धडधाकट माणूस दुपारच्या जेवणाला समुद्रकाठी पोहोचावा, एवढाच तिचा पसारा. तिला माहात्म्य नाही, घाट नाही, पर्वणी नाही, पुराणांत तिचा उल्लेख नाही. गोदा-कृष्णांची स्तोत्रे गाणाऱ्या प्रदेशात असल्या जलप्रवाहाची दखल कोणी घ्यावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु पोर्तुगीज, इंग्रज आणि मराठे अशा तीन सत्तांनी जिच्या काठावर आपापल्या मुलखाची मेर धरली, आणि जिचे गोडे पाणी वरच्या अंगाला अडवून एका महानगराने आपली पहिली तहान भागविली, त्या नदीचा इतिहास तिच्या लांबीच्या मानाने फारच मोठा आहे.

आधी नावाचे पाहू. कारण हे नाव मराठी कानाला जसे चमत्कारिक वाटते तसे ते अन्य कोणाच्या कानाला वाटत नसावे. मराठीत मिठी म्हणजे आलिंगन. नदी सागराला मिळते त्या प्रसंगाचे वर्णन कवींनी आलिंगनाच्या भाषेत पूर्वीपासून केलेले असल्यामुळे, नदीलाच मिठी म्हणावे यात काही काव्य आहे असे वाटून कित्येकजण तेवढ्यावर संतुष्ट होतात. दुसऱ्या काहींना मिठागरे आठवतात. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांच्या काठी पूर्वापार मीठ पिकत आले, तेव्हा मिठाची ती मिठी, असे ते म्हणतात. तिसरा अर्थ हिंदी व गुजराती बोलणाऱ्यांचा: मीठी, म्हणजे गोड. या तीन अर्थांपैकी आलिंगनाचा अर्थ मला सर्वांत दुर्बळ वाटतो. कोळी, आगरी, भंडारी आणि कुणबी यांनी ओढ्या-नाल्यांना जी नावे ठेवली ती उपयोगावरून, रंगावरून, काठच्या झाडावरून किंवा शेजारच्या गावावरून ठेवली. अलंकारशास्त्र डोळ्यांसमोर ठेवून पाणवठ्याचे बारसे करण्याइतकी सवड त्यांना नव्हती.

उरले दोन अर्थ, मीठ आणि गोडवा. मौज अशी की व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही दोन्ही एकाच घरची भावंडे आहेत. संस्कृतातील मृष्ट, म्हणजे स्वच्छ केलेले, रुचीला आणलेले. या शब्दापासून हिंदीत मीठा आला आणि त्याच शब्दापासून मराठीत मीठ आले. ज्याच्यावाचून अन्नाला चव नाही त्या लवणालाच आपल्या पूर्वजांनी रुचकर हे नाव दिले, आणि मूळचा लवण हा शब्द लोणारच्या सरोवरात, लोणच्याच्या बरणीत आणि अळणी भाजीत मागे राहिला. गोड हा जुना अर्थ मराठीने पुरता टाकला असेही नाही. मिठास वाणीचा मनुष्य आपल्याला खारट वाटत नाही. गुजराती भाषेत तर दोन्ही अर्थ अजून एकाच शब्दात सुखाने नांदतात. ओखामंडळातील मिठापूर हे मिठाचे गाव, तर भावनगरच्या किनाऱ्यावरील मिठी वीरडी हे गोड्या पाण्याच्या झऱ्याचे. समुद्राच्या अगदी कडेला, जेथे विहीर खणली तर खारे पाणी लागण्याचीच शक्यता अधिक, तेथे गोडे पाणी सापडले की माणसे त्या जागेचे नावच ‘गोडी’ ठेवतात, हा किनारपट्टीचा सार्वत्रिक रिवाज आहे. कोकणातल्या कोणत्याही खाडीकाठच्या गावी खारी विहीर आणि गोडी विहीर अशी जोडी सापडते. म्हणून माझे मत असे की मिठी या नावाचा अर्थ गोड्या पाण्याची, खाडीहून निराळी ओळखता यावी अशी, एवढाच आहे. अस्सल मराठी माणसाने ठेवले असते तर ते गोडी असे झाले असते. मिठी या रूपावर गुजराती-हिंदीची छाया आहे, आणि मुंबईत तिचे नवल वाटण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आज आपण उगमापासून मुखापर्यंतच्या सबंध प्रवाहाला एकच नाव देतो ती नकाशा पाहणाऱ्याची दृष्टी आहे. काठावर राहणाऱ्याची नव्हे. इंग्रजी अमदानीच्या कागदपत्रांत विहारच्या खोऱ्यातील वरच्या प्रवाहाला गोपर म्हटलेले आढळते, तर खालच्या अंगाला तीच माहीमची खाडी होते. मधल्या गावांना ती केवळ ‘नदी’ किंवा ‘ओहोळ’. जिच्यापलीकडे दुसरी नदीच नाही तिला विशेषनाम हवे कशाला?

गोडे कोठे संपते आणि खारे कोठे सुरू होते, ही रेषा या प्रवाहात कधीच स्थिर नव्हती. ज्येष्ठ-आषाढात डोंगरचे लोंढे उतरले की गोडे पाणी थेट माहीमच्या मुखापर्यंत रेटा देई. पावसाळा सरून ओढा आटला की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाबरोबर खारे पाणी कुर्ल्याच्या आसपासपर्यंत चढे. या चढउतारावर इथली सारी वहिवाट बेतलेली होती. वरच्या बाजूला मरोळ, सहार, मोहिली, कोळे-कल्याण या गावांची भातखाचरे. त्यांच्या खाली, बांध घालून समुद्रापासून हिसकावून घेतलेली खाजणे व खार जमिनी. त्यांच्याही खाली तिवरांचे रान आणि चिखल, ज्यात निवट्या उड्या मारीत आणि चिंबोऱ्यांची बिळे ओळीने दिसत. ज्याने पदरचा पैसा खर्चून खारीला बांध घातला त्याला त्या जमिनीवर हलक्या धाऱ्याचा जो विशेष हक्क मिळे त्याला ठाणे-कुलाब्याच्या महसुली भाषेत शिलोत्री म्हणत. बांध फुटला तर एका भरतीत दोन-तीन वर्षांचे पीक बुडे, कारण खाऱ्या पाण्याने मेलेली जमीन पावसाने धुऊन निघाल्यावाचून भात धरीत नाही. म्हणून बांधाच्या डागडुजीला सबंध गाव लोटे.

शिवेच्या पूर्वेस वडाळ्याकडे, आणि पुढे ठाण्याच्या खाडीकाठाने, मिठागरे होती. मिठाचे आगर हे शेतासारखेच मशागतीचे काम आहे, आणि ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केले त्या आगऱ्यांचे जातिनामही त्या आगरावरूनच पडलेले. पावसाळ्याने विसकटलेले वाफे दिवाळीनंतर पुन्हा आखायचे. तळचा चिखल पायांनी तुडवून तुडवून असा घट्ट करायचा की मिठाला माती लागू नये. उधाणाची भरती आली की दार उघडून समुद्राचे पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचे, तेथून उन्हाने थोडे आटले की लहान कोंड्यांत, आणि आणखी घट्ट झाले की शेवटच्या उथळ वाफ्यांत सोडायचे. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात त्या पाण्यावर प्रथम साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा दिसतो, मग तो तळाशी बसून त्याचे खडे होतात, आणि लांब दांड्याला बसविलेल्या लाकडी फळीने ते बांधावर ओढून काढतात. ओढताना हात जड पडला तर तळचा चिखल वर येऊन मीठ काळे होते व त्याचा भाव उतरतो. म्हणून हे काम नवख्याच्या हाती देत नसत. मृगापूर्वी राशी गवताने शाकारल्या नाहीत तर वर्षाची कमाई पहिल्या पावसात जिथून आली तिथे परत जाई. या मिठावर सरकारने जो जबर कर बसविला होता त्याच्याविरुद्ध १९३० च्या उन्हाळ्यात वडाळ्याच्या आगरांवर सत्याग्रह्यांच्या झुंडी चालून गेल्या, हे वृत्त मुंबईच्या जुन्या रहिवाशांना सांगावे लागत नाही.

नदी जेथे समुद्राला मिळते ते माहीम मात्र प्राचीन. महिकावतीच्या बखरीत, जी इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली, बिंब राजाच्या राजधानीचे वर्णन आहे. ती महिकावती म्हणजे केळवे-माहीम की मुंबईचे माहीम यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली असून मी तीत भर घालू इच्छीत नाही. पाठारे प्रभू आणि पाचकळशी मंडळी आपले मुंबईतील वास्तव्य बिंबाच्या काळापासून मोजतात, एवढे येथे पुरे. पुढे गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीत याच माहिमात मखदूम अली माहिमी हे मोठे विद्वान होऊन गेले. कुराणावर भाष्य लिहिणारा हा पुरुष १४३१ मध्ये निवर्तला. त्यांच्या दर्ग्याच्या उरुसात मुंबई पोलिसांचा संदल निघण्याची चाल अजून चालू आहे, आणि त्या मिरवणुकीचा थाट पाहण्यासारखा असतो. माहीमच्या माडांच्या बनातून भंडारी माडी काढीत, कोळी मुखाशी जाळी लावीत, आणि पलतीराला वांद्र्यास जायचे झाल्यास होडीची तर लागे.

या मुखावरून पहिला मोठा तंटा झाला तो मुंबई आंदणात गेली तेव्हा. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. पण मुंबई म्हणजे नेमके किती, हे लग्न जुळविणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. १६६५ च्या प्रारंभी हंफ्री कूकने जेव्हा बेटाचा ताबा घेतला तेव्हा गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या वतीने त्याच्यापुढे ज्या शर्तींचा कागद ठेवण्यात आला त्यात एक कलम असे होते की, वांद्रे आणि माहीम यांच्या मधून शिरून पलीकडच्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या समुद्राच्या बाहूत वांद्र्याच्या व साष्टीच्या लोकांनी पूर्वीप्रमाणे मोकळेपणी मासे मारावे व इंग्रजांनी त्यांस मनाई करू नये. हे कलम मला त्या सबंध कागदात सर्वांत मोलाचे वाटते. ‘पलीकडच्या समुद्रापर्यंत’ या शब्दांवरून उघड होते की त्या काळी माहीमची खाडी शिवेच्या दलदलीतून पूर्वेच्या ठाणे खाडीला मिळत असे, आणि मुंबई हे शब्दशः बेट होते. आणि दुसरे असे की दोन बादशाहींच्या राजकारणातही बोय आणि कोळंबी पकडणाऱ्या माणसांच्या वहिवाटीला एक स्वतंत्र कलम द्यावे लागले. हा करार इंग्लंडच्या चार्ल्स राजाने पुढे अमान्य केला. माहीम आपल्या आंदणात येते की नाही याबद्दलचा पोर्तुगीजांचा आक्षेप झुगारून कूकने ते गाव आधीच ताब्यात घेतले होते. १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली झाले. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने शिवडीला उतरून माझगाव, माहीम बळकावले व इंग्रजांना वर्षभर किल्ल्यात कोंडून ठेवले. सरहद्द अशी चौफेर उघडी राहून भागणार नाही, हा धडा कंपनीने तेव्हाच घेतला असावा.

ज्या मराठी वाचकाला या नदीशी आपला काय संबंध असे वाटत असेल त्याने धारावीच्या बस आगाराजवळचा काळा किल्ला पाहावा. नकाशांत त्याचे नाव रीवा किल्ला. काळ्या दगडाची बसकी भिंत, भोवती वस्ती इतकी दाटलेली की शोधणाऱ्याला दोनदा विचारावे लागते, आणि भिंतीत बसविलेला एक शिलालेख: ऑनरेबल जॉन हॉर्न, मुंबईचे अध्यक्ष व गव्हर्नर, यांच्या आज्ञेने हा १७३७ मध्ये बांधला. सालाकडे लक्ष द्यावे. त्याच साली मार्च महिन्यात मराठ्यांनी ठाणे घेतले आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेस तोंड लागले. पोर्तुगीजांची साष्टी एकेक ठाणे करून मराठ्यांच्या हाती जाताना दिसू लागली तेव्हा नदीच्या अलीकडच्या काठावर बसलेल्या इंग्रजांच्या छातीत धडकी भरली, आणि त्या धडकीचे दगडी रूप म्हणजे हा किल्ला होय. इंग्रजांनी आपला काठ बांधला एवढेच नाही; समोरच्या काठावर वांद्र्यास पोर्तुगीजांची जी तटबंदी व जेझुइट पाद्र्यांचे जे विद्यालय होते, ते मराठ्यांच्या हाती पडले तर तेथून माहीमवर तोफा डागल्या जातील या भयाने १७३९ मध्ये पाडवून टाकले. मित्राचे घर शत्रूला लाभू नये म्हणून मित्राच्याच संमतीने ते उद्ध्वस्त करावे, यातला व्यवहारीपणा कंपनीच्या स्वभावाला साजेसाच होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. लगोलग कंपनीने कॅप्टन इंचबर्डला चिमाजी आप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्यास शाहू छत्रपतींकडे पाठविले, आणि जुलैत पेशव्यांशी तह करून व्यापाराची मोकळीक मिळविली.

तेव्हापासून १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईतो, म्हणजे पस्तीस वर्षांहून अधिक काळ, ही नदी मराठी राज्य आणि इंग्रज कंपनी यांच्यामधील सरहद्द होती. उत्तरेस पेशव्यांचा सरसुभा, दक्षिणेस गव्हर्नरचे कौन्सिल; मध्ये तिवर, चिखल आणि भरतीचे पाणी. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत अटकेपासून म्हैसूरपर्यंतच्या सरहद्दींची चर्चा असते. पण ज्या सत्तेशी अखेर मराठ्यांची गाठ पडली तिच्या उंबरठ्यावरून वाहणारी ही रेषा कोणी ठळक केली नाही, याचे मला आश्चर्य वाटते. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये साष्टी कायमची इंग्रजांकडे राहिली आणि सरहद्दीचे प्रयोजन संपले.

प्रयोजन संपलेली सरहद्द राज्यकर्त्याला अडचण वाटू लागते. मुंबईला साष्टीचे धान्य, भाजी, गवत, लाकूड हवे होते. ते होडीवर चढवून उतरवून आणण्यापेक्षा रस्ता बरा. गव्हर्नर जोनाथन डंकन याने शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता १७९८ मध्ये आरंभून १८०५ मध्ये पुरा केला, आणि त्या बांधाने माहीमच्या खाडीचा पूर्वसमुद्राशी असलेला जुना संबंध तुटला. माहीम-वांद्र्याच्या बाजूला मात्र आणखी चाळीस वर्षे तरीवरच भिस्त होती. पावसाळ्यात त्या मुखात नावा उलटून माणसे मरत. अखेर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःच्या द्रव्यातून १,५७,००० रुपये दिले, त्या पुलावर जकात घेऊ नये अशी शर्त घातली, आणि १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता वाहतुकीस खुला झाला. परोपकाराच्या या कृत्याला कोणी नावे ठेवणार नाही. पण नदीच्या बाजूने पाहिले तर तिचे मुख दुसऱ्यांदा आवळले गेले. १८५३ मध्ये ठाण्याची आगगाडी शिवेच्या दलदलीवरून भराव घालून गेली. पुढल्या दशकात दुसऱ्या रेल्वे कंपनीचा रूळ माहीमच्या खाडीवरून उत्तरेस गेला. प्रत्येक भरावात पाण्यासाठी कमानी ठेवल्या होत्या, पण त्या कमानींची रुंदी पाहणाऱ्याने पाहिली ती कोरड्या ऋतूत.

वरच्या अंगाची कथा वेगळी, आणि माझ्या मते अधिक विलक्षण. पवईचा मुलूख कंपनीने १७९९ मध्ये डॉक्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाला पट्ट्याने दिला होता; त्याच्या मृत्यूनंतर तो फ्रामजी कावसजी या पारशी व्यापाऱ्याकडे आला. फ्रामजींनी तेथे ऊस, नीळ, तुती, फळझाडे यांचे नाना प्रयोग केले, आणि १८३८ मध्ये तेथील आंबे तरुण व्हिक्टोरिया राणीकडे पाठविले. त्या काळच्या जहाजप्रवासाला लागणारा वेळ पाहता ते कोणत्या अवस्थेत पोहोचले असतील याचा विचार न केलेला बरा. कुर्ला, मोहिली, मरोळ, सहार, कोळे-कल्याण ही गावे १८०८ मध्ये होरमसजी बमनजी वाडिया यांना मिळाली होती, कोटातील अपोलो दरवाजाजवळची त्यांची जागा सरकारला हवी होती तिच्या बदल्यात. नदीचे जवळजवळ सबंध खोरे असे पारशी इजारदारांकडे होते.

मग मुंबईला तहान लागली. विहिरी आणि तळी यांवर जगणारे शहर १८४० नंतर पुनःपुन्हा पाण्यावाचून तळमळू लागले, आणि सरकारने हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरच्या योजनेप्रमाणे गोपरच्या खोऱ्यात धरण घालून १८६० मध्ये विहारचे पाणी लोखंडी नळाने शहरात आणले. मुंबईच्या नळाचे हे पहिले पाणी. शेजारच्या तासो ओढ्याला बांध घालून तुळशीचा तलाव झाला, त्याचेही पाणी विहारकडे वळविण्यात आले. १८९० च्या आसपास आणखी एक टंचाई उद्‌भवली तेव्हा घाईघाईने पवईचा तलाव बांधला. पण लवकरच, १८९२ मध्ये, तानसाचे मुबलक पाणी आले, आणि पवईचे पाणी पिण्याच्या योग्यतेचे नाही म्हणून ते बाजूला पडले. परिणाम असा झाला की गोडेपणामुळे जिला मिठी नाव पडले तिचे गोडे पाणी उगमापाशीच काढून घेण्यात आले, आणि ते ज्या नळातून गेले तो नळ तिच्याच खालच्या अंगाची खाडी ओलांडून शहरात शिरला. नदीत उरले ते पावसाळ्यातले सांडव्याचे पाणी आणि उन्हाळ्यातली खाऱ्या पाण्याची भरती. या दोहोंच्या मधल्या महिन्यांत तिच्यात काय वाहावे याची सोय शहराने यथावकाश केली.

ती सोय कशी झाली ते थोडक्यात सांगतो, कारण हा भाग वाचकाच्या परिचयाचा आहे. वांद्र्यास, खाडीच्या काठाला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराचा कत्तलखाना गेला. जेथे कत्तलखाना तेथे कातडी, म्हणून धारावीत दक्षिणेतून आलेल्या चर्मकारांनी व व्यापाऱ्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले, आणि चुना, बाभळीची साल व रक्त यांनी रंगलेले पाणी खाडीला मिळू लागले. सौराष्ट्राचे कुंभार शहरातून हुसकले जात जात तेथेच येऊन स्थिरावले. धारावीचा कोळीवाडा, जो मुंबईतील जुन्या मोठ्या कोळीवाड्यांत गणला जाई, चारी बाजूंनी वेढला जाऊन समुद्रापासून तुटला. नदीकाठी शहराचा कचरा टाकला जाई. त्या ढिगाऱ्यावर पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान झाले, आणि या साऱ्या हकिकतीत मनाला बरे वाटावे असे तेवढेच एक प्रकरण आहे. १९७७ पासून वांद्रे-कुर्ल्याच्या मधली सुमारे ३७० हेक्टर पाणथळ व खाजण जमीन नव्या व्यापारी संकुलासाठी नेमून दिली गेली. तिकडे सांताक्रूझचा विमानतळ वाढता वाढता धावपट्टी नदीवरून गेली. नदीला धावपट्टीखालच्या मोरीतून जावे लागते, आणि तेथे तिला जी काटकोनी वळणे दिली आहेत तशी वळणे पाणी आपण होऊन कधी घेत नाही.

दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. भरतीची वेळ होती. खारे पाणी वर चढले, डोंगरचे पाणी खाली उतरले, आणि दोहोंची गाठ जेथे पूर्वी पडत असे तेथेच, कुर्ला-कलिना-वाकोल्याच्या पट्ट्यात पडली. फरक एवढाच की आता तेथे खाजण नव्हते, माणसे होती. ज्या जमिनीला महसुली दप्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या खार म्हणून नोंदविले होते तेथे पाणी आले याचे आश्चर्य शहराला वाटले, हे खरे आश्चर्य. त्या दिवसापर्यंत असंख्य मुंबईकर जिला नाला समजत होते तिचे मिठी हे नाव त्यांनी त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत प्रथम वाचले. ऑगस्टमध्ये शासनाने तिच्या विकासासाठी व संरक्षणासाठी खास प्राधिकरण स्थापिले, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, आणि मग रुंदीकरण, खोलीकरण, संरक्षक भिंत हे शब्द तिच्या नावाला कायमचे चिकटले. भिंत बांधणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ही नदी मूळची दोन काठांची नव्हतीच. तिला एक काठ भरतीचा होता आणि दुसरा ओहोटीचा, आणि दोहोंमध्ये शेकडो एकर जमीन होती.

एक विनंती करून थांबतो. मरोळ, सहार, कोळे-कल्याण, कुर्ला, वांद्रे, धारावी येथील जुन्या घराण्यांत, ख्रिस्ती असोत, आगरी असोत वा कोळी, अजूनही पत्र्याच्या पेट्यांत खरेदीखते, गहाणखते आणि वाटणीपत्रे जपलेली आहेत. अशा प्रत्येक कागदात जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस तमक्याचा बांध, पश्चिमेस नदी. त्या नदीला त्या त्या गावाने कोणते नाव दिले, बांध कोणाचा होता, उधाणाचे पाणी कोठपर्यंत येई, हे त्या एका ओळीत नमूद आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची एक नक्कल मुंबईतील एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या किंवा पुराभिलेखागाराच्या स्वाधीन करावी.